विकल्यानंतर घडत गेलेले यंत्र

तांबटाने पातेले घडवून गिऱ्हाइकाच्या हवाली केले की त्याचे रूप, गुण आणि मर्यादा कायमच्या ठरून जातात; पुढे कधी कल्हईवाला दारावर आला तर तो ते उजळून देईल, परंतु त्याच्या हातून पातेल्याचा बंब होणार नाही, हा वस्तुव्यवहाराचा दंडक इतका जुना आणि निर्विवाद होता की त्याचा उच्चार करण्याचीही कोणास कधी गरज वाटली नव्हती. २००६ च्या नोव्हेंबरात जपानच्या सोनी कंपनीने 'प्लेस्टेशन ३' नावाचे जे खेळयंत्र विक्रीस काढले, त्याने पुढील चार वर्षांत हा दंडक मोडला. ज्या दिवशी ते घरी आले त्या दिवशी त्यास जे साधत नव्हते ते, त्याचा एक स्क्रूही सैल न करता, मालक शेजारी चहा घेत बसलेला असताना त्यास साधू लागले. चित्रपटांच्या नव्या तबकड्यांवरून त्या वेळी कारखानदारांच्या दोन बलाढ्य पक्षांत युद्ध जुंपले होते, आणि त्याच्या निकालाशी या सामर्थ्याचा काही संबंध होता. तो किती होता आणि किती नव्हता, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सोनीच्या मनात एक जुने शल्य होते. १९७५ साली तिने घरगुती चित्रफितीची 'बेटामॅक्स' पद्धती आणली आणि पुढच्याच वर्षी जेव्हीसी कंपनीने आणलेल्या 'व्हीएचएस'ने तिला काही वर्षांत बाजारातून हुसकून लावले. १९९५ मध्ये डीव्हीडीच्या वेळीही सोनी व फिलिप्स एका बाजूस आणि तोशिबा व टाइम वॉर्नर दुसऱ्या बाजूस असा सामना उभा राहिला होता. तथापि आयबीएमसारख्या संगणक कंपन्यांनी, दोन पद्धती आणाल तर आम्ही एकही घेणार नाही अशा अर्थाचा दम भरल्यामुळे लढाईपूर्वीच तह झाला, आणि त्या तहात तोशिबाचे पारडे जड राहिले. दहा वर्षांनी तेच दोन पक्ष जवळजवळ त्याच मैदानात पुन्हा समोरासमोर आले.

मधल्या काळात जी गोष्ट घडली ती प्रकाशाची. डीव्हीडी वाचणारा लेसर किरण तांबडा, सुमारे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. किरण जितका आखूड लांबीचा तितका त्याचा ठिपका बारीक, आणि ठिपका जितका बारीक तितका तबकडीवर मजकूर दाट. निचिया या जपानी कंपनीत शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडच्या साहाय्याने निळा प्रकाश देणारी साधने १९९० च्या दशकात सिद्ध केली, आणि ४०५ नॅनोमीटरचा जांभळट-निळा लेसर कारखान्यांच्या आवाक्यात आला. या एकाच किरणातून दोन तबकड्या जन्मास आल्या. २००२ च्या फेब्रुवारीत सोनी, फिलिप्स, मात्सुशिता आदी नऊ कंपन्यांनी 'ब्लू-रे'ची घोषणा केली. तिच्यात मजकुराचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटर खोलीवर, आणि एका थरात २५ गिगाबाइट मावत. तोशिबा व एनईसी यांनी पुरस्कारलेल्या 'एचडी डीव्हीडी'त तो थर जुन्या डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटरवर ठेवलेला होता. तिच्यात १५ गिगाबाइटच मावत, परंतु डीव्हीडी छापणाऱ्या जुन्याच कारखान्यांत किरकोळ फेरफार करून ती छापता येई. एकीकडे विस्तार, दुसरीकडे स्वस्ताई. २००५ साली दोन्ही पक्षांत समेटाची बोलणी झाली आणि फिसकटली. या वेळी दम भरणारा मध्यस्थ मिळाला नाही.

सोनीपाशी एक असे हत्यार होते जे तोशिबापाशी नव्हते. मार्च २००० मध्ये जपानात आलेल्या 'प्लेस्टेशन २'ने डीव्हीडीचा प्रसार कसा केला हे तिने पाहिले होते: खेळाचे यंत्र म्हणून घेतलेली वस्तू चित्रपटाचेही यंत्र ठरली आणि ३९,८०० येनांत दोन्ही कामे होऊ लागली. (त्या पहिल्या जपानी यंत्रांत डीव्हीडी चालविण्याची आज्ञावली यंत्राच्या पोटात नसून सोबतच्या मेमरी कार्डावर साठवावी लागे. पुढच्या सगळ्या कथेचे बीज त्या क्षुल्लक वाटणाऱ्या तजविजीत दिसते, पण त्या वेळी ते कोणाच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही.) तेव्हा पुढच्या यंत्रात प्रत्येक घरी ब्लू-रे पोचवावयाची, मग गिऱ्हाइकाने ती मागितलेली असो वा नसो, असा निश्चय प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी यांच्या कारकिर्दीत झाला.

त्या निश्चयाची किंमत भयंकर होती. निळ्या लेसरच्या डायोडांची रसद तुटपुंजी पडल्यामुळे सप्टेंबर २००६ मध्ये युरोपातील विक्री पुढील मार्चपर्यंत लांबणीवर टाकल्याचे सोनीला जाहीर करावे लागले. ११ नोव्हेंबरला जपानात व १७ नोव्हेंबरला अमेरिकेत यंत्र आले ते ४९९ आणि ५९९ डॉलर अशा दोन किमतींत, आणि या किमतींवर सर्वत्र नाके मुरडली गेली. परंतु आयसप्लाय या बाजार-संशोधन संस्थेने यंत्र उघडून सुट्या भागांची मोजदाद केली तेव्हा असे आढळले की ४९९ डॉलरांस विकल्या जाणाऱ्या यंत्राचा खर्चच ८०० डॉलरांच्या वर जातो. मार्च २००७ अखेरच्या वर्षात सोनीच्या खेळ-विभागाचा तोटा २३२.३ अब्ज येनांवर गेला. त्याच वर्षी कुतारागी पदावरून पायउतार झाले आणि सूत्रे काझुओ हिराई यांच्याकडे आली.

आता प्रतिपक्षाकडे वळले पाहिजे, कारण या इतिहासातील खरी गंमत तेथे आहे. तोशिबाची पहिली यंत्रे २००६ च्या वसंतात, प्लेस्टेशन ३ च्या सुमारे सात महिने आधी, ४९९ डॉलरांपासून विक्रीस आली होती. आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या 'एक्सबॉक्स ३६०' या खेळयंत्रासाठी बाहेरून जोडावयाचा एचडी डीव्हीडीचा वेगळा डबा त्या नोव्हेंबरात १९९ डॉलरांना आणला. त्याच्या किंचित आधी एका अद्ययावतीकरणाने एक्सबॉक्सला १०८० ओळींचे पूर्ण चित्र दाखविण्याची विद्याही देण्यात आली होती. म्हणजे विकलेल्या यंत्रास नवे गुण शिकविण्याची कल्पना एकट्या सोनीची नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. एचडी डीव्हीडीची नियमसंहिता पहिल्या दिवसापासून पुरी होती: प्रत्येक यंत्रास इंटरनेटच्या जाळ्याशी जोडण्याचे द्वार असावे, मुख्य चित्राच्या कोपऱ्यात दुसरे छोटे चित्र दाखविता यावे, या गोष्टी तिच्यात सक्तीच्या होत्या. ब्लू-रेची संहिता मात्र अर्धवट होती. तिच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे 'प्रोफाइल १.०' मध्ये, या दोन्ही गोष्टींतून सूट होती. दुसरे चित्र दाखविणारा 'प्रोफाइल १.१' नव्या यंत्रांस १ नोव्हेंबर २००७ पासून सक्तीचा होणार होता, आणि जाळ्याशी जोडणी मागणारा 'प्रोफाइल २.०' त्याच्याही पलीकडे, आणि तोही ऐच्छिक. घराचा पाया घालण्यापूर्वीच खोल्या भाड्याने दिल्यासारखा हा प्रकार होता. पहिल्या पिढीतील ब्लू-रेची अनेक स्वतंत्र यंत्रे, ज्यांच्यासाठी लोकांनी हजार डॉलर आणि त्याहूनही अधिक मोजले होते, या पुढच्या पायऱ्या कधीच चढू शकणार नव्हती, कारण त्यांत दुसऱ्या चित्राचा उलगडा करणारी सामग्रीच नव्हती.

प्लेस्टेशन ३ चढू शकले, याचे कारण त्याच्या पोटातील 'सेल' नावाच्या प्रक्रियकात आहे. सामान्य यंत्रात चित्राचा उलगडा करण्याचे काम त्याच कामासाठी कोरलेली एक चिप करते. तिला दुसरे काही येत नाही आणि शिकविताही येत नाही. 'सेल'मध्ये एक मुख्य गणक आणि त्याच्या हाताखाली सात दुय्यम गणक, सारे ३.२ गिगाहर्ट्झच्या वेगाने राबणारे. आणि चित्रपटाचा उलगडा हे त्यांच्या दृष्टीने केवळ एक गणित, जे आज एका रीतीने आणि उद्या निराळ्या आज्ञावलीनुसार निराळ्या रीतीने सोडविता येईल. ती आज्ञावली, म्हणजे 'फर्मवेअर', सोनी हवी तेव्हा बदलून पाठवू शकत होती. हा 'सेल' प्रक्रियक सोनीने कोणाबरोबर मिळून घडविला? आयबीएम आणि तोशिबा यांच्याबरोबर. तोशिबाच्याच अभियंत्यांच्या मेहनतीने धार लावलेले पाते तोशिबावरच उगारले जावे, असा प्रसंग एखाद्या बखरकाराने लिहिला असता तर आपण त्यास अतिशयोक्तीबद्दल दोष दिला असता.

पहिली लक्षणीय भर पडली ती २००७ च्या मेअखेरीस, १.८० क्रमांकाच्या फर्मवेअरने. तिच्यात दोन गोष्टी होत्या. जुन्या डीव्हीडीचे ४८० किंवा ५७६ ओळींचे चित्र मोठ्या पडद्यावर ताणले की धूसर दिसे. ते आता यंत्र स्वतःच १०८० ओळींपर्यंत सफाईने वाढवू लागले, आणि ज्यांच्या कपाटात डीव्हीडींचा संग्रह होता त्यांस तो नव्याने विकत घेतल्यासारखे वाटले. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने टिपला जातो आणि अमेरिकन वा जपानी दूरचित्रवाणी सेकंदाला ६० वेळा चित्र उमटविते. २४ ने ६० ला पूर्ण भाग जात नसल्यामुळे एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा, असे लंगडत दाखवावे लागते, आणि कॅमेरा संथपणे एका बाजूस वळत असेल तर हे लंगडणे डोळ्यांस जाणवते. नव्या फर्मवेअरनंतर यंत्र मूळ २४ चित्रेच, असतील तशी, ती स्वीकारू शकणाऱ्या दूरदर्शन संचाकडे पाठवू लागले. ज्यांना हा फरक दिसत नाही त्यांना तो सांगून पटत नाही, आणि ज्यांना एकदा दिसला त्यांना विसरता येत नाही.

त्या उन्हाळ्यात युद्धाचे वारे तोशिबाच्या बाजूने फिरल्यासारखे वाटत होते. २० ऑगस्टला पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स या चित्रसंस्थांनी ब्लू-रे सोडून केवळ एचडी डीव्हीडीचा पक्ष धरला. या पक्षांतरासाठी दोघांस मिळून सुमारे १५ कोटी डॉलरांची प्रलोभने मिळाल्याचे वृत्त न्यूयॉर्क टाइम्सने दिले. नोव्हेंबरच्या आरंभी वॉलमार्टच्या दुकानांत तोशिबाचे यंत्र ९८.८७ डॉलरांना मिळू लागले. सोनीने तिकडे युरोपात पहिल्या पाच लाख नोंदणीकृत ग्राहकांस 'कॅसिनो रोयाल'ची ब्लू-रे तबकडी फुकट वाटली होती. दोन्हीकडून खजिना रिता होत होता आणि सामान्य ग्राहक, कोण हरतो ते पाहून मग घेऊ, या सावध विचाराने दुकानाबाहेर उभा होता. आपल्याकडे तर हा तंटा फार दूरचा होता. त्याच सुमारास मोझर बेअर कंपनी २८ रुपयांस व्हीसीडी आणि ३४ रुपयांस डीव्हीडी विकून बाजार हलवीत होती, आणि निळ्या किरणाची वाट पाहत कोणी थांबलेले नव्हते.

१८ डिसेंबर २००७ रोजी २.१० क्रमांकाचे फर्मवेअर आले आणि जगभर विकल्या गेलेल्या सुमारे एक कोटी यंत्रांस 'प्रोफाइल १.१' प्राप्त झाला. चित्रपट चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात दिग्दर्शक बसून त्या दृश्याची जन्मकथा सांगतो आहे, हे दृश्य एचडी डीव्हीडीचे ग्राहक दीड वर्ष पाहत होते. ते आता या पक्षासही दिसू लागले. पुढची घटना सतराच दिवसांनी घडली. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने आपण यापुढे केवळ ब्लू-रेच काढू असे जाहीर केले, आणि लास व्हेगासच्या वार्षिक प्रदर्शनात ठरलेली आपली वार्ताहर परिषद एचडी डीव्हीडी पक्षास रद्द करावी लागली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट यांनी एकापाठोपाठ पाठ फिरविली. १९ फेब्रुवारीला तोशिबाचे अध्यक्ष आत्सुतोशी निशिदा यांनी एचडी डीव्हीडीचा व्यवसाय बंद करीत असल्याची कबुली दिली.

१८ डिसेंबर आणि ४ जानेवारी या दोन तारखा इतक्या लगतच्या आहेत की त्यांत कार्यकारणभाव पाहण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. वॉर्नरचा निर्णय काही कोपऱ्यातल्या छोट्या चित्रासाठी झालेला नव्हता. तबकड्यांच्या विक्रीत ब्लू-रे वर्षभर पुढे होती, आणि ती पुढे होती कारण खेळ खेळण्यासाठी घेतलेली लाखो यंत्रे चित्रपटही चालवीत होती. संख्येने युद्ध जिंकले. फर्मवेअरने जे केले ते माझ्या मते याहून सूक्ष्म आणि तितकेच आवश्यक होते: ज्या सदोष, अर्धवट संहितेवर सोनीने एवढी संख्या उभी केली होती, ती संहिता पुढे सरकली तेव्हा ही एक कोटी घरे मागे राहिली नाहीत. ती मागे राहिली असती तर विजयाच्या दिवशी सोनीपाशी एक कोटी कालबाह्य यंत्रांचे मालक आणि तेवढ्याच तक्रारी उरल्या असत्या.

मार्च २००८ मध्ये, युद्ध संपल्यावर महिनाभराने, २.२० फर्मवेअरने 'प्रोफाइल २.०', म्हणजे तबकडीने जाळ्यावरून नवा मजकूर मागविण्याची 'बीडी-लाइव्ह' सोय आणली, आणि प्लेस्टेशन ३ ही विद्या येणारे बाजारातील पहिले यंत्र ठरले. या सोयीविषयी फार बोलले गेले आणि तिच्यातून फार थोडे निघाले: थोडी विज्ञापने, आगामी चित्रपटांच्या झलकी, एखादा खेळ, आणि ते उतरेपर्यंत करावी लागणारी प्रतीक्षा. त्याच फर्मवेअरने मध्येच बंद केलेला चित्रपट थांबला तेथून पुन्हा सुरू करण्याची सोय दिली, तिचा कोणी जाहीरनामा काढला नाही. पण घरोघरी वापरली गेली ती हीच. एप्रिलच्या २.३० ने 'डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ' हा ध्वनिसंकेत पुरता उलगडण्याची विद्या दिली. तोवर तबकडीवर स्टुडिओतील मूळ ध्वनी अक्षतपणे नोंदलेला असूनही यंत्र त्याचा केवळ गाभा वाचीत होते; आता तोच सारा ध्वनी, त्याच तबकडीतून, ऐकू येऊ लागला. येथे मात्र पातेल्याची मर्यादाही उघडी पडली. यंत्र ध्वनीचा उलगडा स्वतः करून देई, परंतु मूळ संकेत जसाच्या तसा बाहेरच्या ध्वनिसंचाकडे पोचविणे जुन्या सामग्रीस कधीच जमले नाही. ते २००९ साली आलेल्या सडपातळ नव्या यंत्रालाच जमले. कल्हईवाल्याचा हातखंडा कितीही असला तरी धातू तोच राहतो.

या अद्ययावतीकरणाचा विधी ज्यांनी अनुभवला त्यांस त्यातील धाकधूक आठवत असेल. शंभरावर मेगाबाइटचा मजकूर उतरावयाचा, मग यंत्र बंद करू नका अशी ताकीद पडद्यावर यावयाची, आणि टक्क्यांची पट्टी सरकत असताना वीज जाऊ नये म्हणून मनोमन प्रार्थना करावयाची. जुलै २००८ मध्ये २.४० ने काही यंत्रे सुरूच होईनात, तेव्हा ते घाईने मागे घेऊन आठवड्याभरात २.४१ द्यावे लागले.

सप्टेंबर २०१० मधील ३.५० हा या विद्येचा कळस म्हणावा लागेल. घरातील त्रिमिती चित्रपट ही कल्पना ब्लू-रेच्या संहितेत यंत्र विकले गेल्यानंतर तीन वर्षांनी, २००९ च्या अखेरीस शिरली. यंत्रामागील एचडीएमआय द्वार तर त्याहून जुन्या नियमाचे. आणि तरीही २००६ साली घेतलेले यंत्र दोन डोळ्यांसाठी दोन पूर्ण चित्रे उलगडून दाखवू लागले. पातेल्याचा बंब झाला तो या दिवशी. त्रिमितीचे वेड पुढे ओसरले, चष्मे खणांत पडून राहिले, ही गोष्ट वेगळी.

परंतु त्याच वर्षीच्या १ एप्रिलला आलेले ३.२१ क्रमांकाचे फर्मान या गोष्टीची दुसरी बाजू आहे. आरंभीच्या यंत्रांत लिनक्ससारखी निराळी कार्यप्रणाली बसविण्याची मुभा सोनीनेच दिलेली होती, आणि अनेकांनी, त्यांत विद्यापीठांतील संशोधकही होते, यंत्र त्यासाठीच घेतले होते. अमेरिकी वायुदलाच्या संशोधनशाळेने तर सतराशेहून अधिक प्लेस्टेशन जोडून एक महासंगणक उभारला. सुरक्षिततेचे कारण देऊन सोनीने ही मुभा काढून घेतली. ज्यास नको असेल त्याने फर्मवेअर घेऊ नये, अशी मोकळीक होती खरी. मात्र मग त्यास कंपनीच्या जाळ्यात प्रवेश नाही, आणि नव्या फर्मवेअरची अपेक्षा करणारे खेळ आणि ब्लू-रे चित्रपटही त्याच्या यंत्रात चालणार नाहीत, असे त्या सूचनेत स्पष्ट लिहिले होते. तबकड्यांवरील कुलपांच्या किल्ल्या काळानुसार बदलत असल्यामुळे ही अट पोकळ नव्हती. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला, तो वर्षानुवर्षे चालला आणि अखेर भरपाईच्या तडजोडीने मिटला. ज्या वाटेने चार वर्षे देणग्या येत होत्या त्याच वाटेने जप्तीही आली होती, आणि दोन्हींस मालकाची संमती सारख्याच एका बटणाने नोंदविली जात होती.

तोशिबाने ऑगस्ट २००९ मध्ये ब्लू-रे संघटनेच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला आणि त्या वर्षअखेरीच्या सुमारास स्वतःचे ब्लू-रे यंत्र विक्रीस आणले. सोनीचे पुढचे खेळयंत्र, प्लेस्टेशन ४, नोव्हेंबर २०१३ मध्ये निघाले तेव्हा खोक्यातून काढलेल्या यंत्रात ब्लू-रे किंवा डीव्हीडी घातली तर ती चालत नसे. आधी जाळ्याशी जोडून १.५० क्रमांकाचे फर्मवेअर उतरवून घ्यावे लागे, आणि त्रिमिती तबकड्यांसाठी पुढच्या वर्षीच्या १.७५ ची वाट पाहावी लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेले प्लेस्टेशन ५ दोन रूपांत विकले गेले. त्यांपैकी स्वस्त रूपास तबकडी घालण्याची फटच ठेवलेली नव्हती.